नदी नेमकी कुठून सुरू होते, आणि तिथपर्यंत चालत जायचं तर काय माहीत असलेलं बरं

उगम बघायचा म्हणून चार-पाच तास चढायचं, दम लागलेला, गुडघे बोलायला लागलेले, आणि वर पोचल्यावर काय तर एक बांधलेलं कुंड, त्यात घोटाभर पाणी आणि शेजारी एक पाटी. माझं पहिल्यांदा असंच झालं होतं आणि खरं सांगतो, थोडं फसवल्यासारखंच वाटलं. बादली भरायला दहा मिनिटं लागतील असली ती धार, आणि म्हणे हिचीच पुढे हजार किलोमीटरची नदी होते. हे कसं काय, हे कुणाला विचारायचं तेही कळेना. पुढे बऱ्याच डोंगरांवर फिरल्यावर आणि थोडंफार वाचल्यावर कळलं की माझा प्रश्नच चुकला होता, कारण त्या धारेची ती नदी होतच नाही.

कौलारू घर डोळ्यासमोर आणा. पाऊस सगळ्या छपरावर पडतो, आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब अलीकडच्या उतारावरून येतो, पलीकडचा पलीकडे जातो, आणि खाली पन्हाळीत सगळं एकत्र होतं. आता पन्हाळीतून धो धो पडणाऱ्या पाण्याचा उगम कुठल्या कौलात आहे असं कुणी विचारत नाही ना? नदीच्या बाबतीत मात्र आपण अगदी तेच विचारतो. डोंगर म्हणजे आढं, त्याच्या एका अंगाचा सगळा उतार म्हणजे त्या नदीचा पाणलोट, आणि आपण ज्याला उगम म्हणतो ते त्या छपरावरचं वरचं एक कौल, एवढंच. महत्त्वाचं आहे, पण एकटं नाही. नद्यांच्या सगळ्या फांद्या धरून एकूण लांबी मोजली तर निम्म्याहून जास्त लांबी या अशा वरच्या, बिननावाच्या, नकाशात कधी दिसतात कधी दिसत नाहीत अशा ओहोळांचीच भरते.

मग नद्या डोंगरावरच का सुरू होतात? पाणी उतारावरून खाली येतं हे तर उघडच आहे, पण मुळात डोंगरावर पाणी जास्त पडतं हे अर्ध कारण लोक विसरतात. दमट वारा डोंगराला आपटला की त्याला वर चढण्याशिवाय पर्याय नसतो, वर हवेचा दाब कमी म्हणून तो फुगतो आणि फुगला की थंड होतो. कोरडी हवा किलोमीटरमागे साधारण 10 अंशांनी थंड होते, ढग धरायला लागल्यावर त्यापेक्षा थोडी कमी. थंड हवेत बाष्प मावत नाही मग ते पावसाच्या किंवा बर्फाच्या रूपात तिथंच खाली येतं, आणि डोंगर ओलांडून पलीकडे जातो तो बऱ्यापैकी पिळून निघालेला वारा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून सरळ रेषेत 25 किलोमीटरच्या आत असलेल्या वाईला हजारच्याही आत, हा फरक याच खेळाचा. म्हणजे डोंगर नुसता उंच असून भागत नाही, तो वाऱ्याच्या वाटेत आडवा उभा असावा लागतो.

पण पाऊस पडला आणि वाहून गेला, तर ती नदी नव्हे, तो पूर. पाऊस थांबल्यावर चार महिन्यांनीही ओढ्याला पाणी असतं त्याचं कारण डोंगर ते धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. हे धरून ठेवायचे मुख्य प्रकार तीन: खडक, माती-गवत आणि बर्फ. मला यातला खडकाचा प्रकार सगळ्यात भारी वाटतो म्हणून तो आधी.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. सगळे थर एकसारखे नसतात. काही भेगाळलेले, बुडबुड्यांनी जाळीदार झालेले, त्यात पाणी सहज मुरतं. काही एकदम घट्ट कातळ. आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजलेल्या विटेसारखा तांबडा मातकट थर असतो, त्यातून पाणी खाली उतरत नाही. मग होतं काय, वरच्या थरात मुरलेलं पाणी खाली जाता जाता या तांबड्या थरावर येऊन अडतं, तिथून आडवं सरकत जातं आणि जिथं कडा तुटलेला असेल तिथं बाहेर डोकावतं. तो झरा. म्हणून कड्याच्या पोटात एकाच उंचीवर, ओळीत लावल्यासारखे झरे दिसतात, आणि म्हणूनच माथा रखरखीत कोरडा असताना थोडं खाली कड्याच्या आडोशाला मस्त गार पाणी मिळतं. माठ कसा आतल्या आत भरलेला असतो आणि बाहेरून नुसता पाझरतो, तसं. पुढच्या वेळी कड्याखालून आडवं जाताना तांबडा पट्टा दिसला तर त्याच्या वरच्या कडेला हिरवळ, शेवाळ, नेचे दिसतायत का बघा, बहुतेक वेळा दिसतात.

माती-गवताचा प्रकार अँडीज पर्वतात बघण्यासारखा आहे. कोलंबियात तीन हजार मीटरच्या वर झाडं संपतात आणि बर्फ अजून सुरू झालेला नसतो त्या पट्ट्याला पारामो म्हणतात. तिथं फ्राइलेहोन नावाची झुडपं असतात, जाड खोडावर लोकरीसारख्या लव असलेल्या पानांचा झुबका, आणि ती पानं धुक्यातून पाणी टिपतात. खालची काळी माती, शेवाळ, दलदल सगळं मिळून एक प्रचंड ओला बोळा. बोगोटा शहराचं बरंचसं पिण्याचं पाणी चिंगासा नावाच्या पारामोतून येतं. तिथं चालणाऱ्याला हे सगळं रम्य वगैरे वाटतच नाही हां, बुटात चिखल आणि वर सतत भुरभुर, पण नद्यांची पिशवी हीच.

आणि तिसरं बर्फ. हिवाळ्यात पडलेलं बर्फ उन्हाळ्यात वितळतं, म्हणजे पाऊस सहा महिने फ्रीजरमध्ये ठेवल्यासारखं, आणि हिमनदी म्हणजे त्याच फ्रीजरमधली शेकडो वर्षांची साठवण. इथं एक गैरसमज मोडायला हवा. गंगेचं पाणी म्हणजे हिमनदीचं पाणी असं आपण सर्रास बोलतो पण मैदानात उतरलेल्या गंगेत बहुतांश पाणी पावसाचं आणि जमिनीतून झिरपून आलेलं असतं, हिमनदीचा वाटा वर गंगोत्रीकडे मोठा आणि खाली येईल तसा छोटा होत जातो. सिंधूचं उलट आहे, तिच्या खोऱ्यात पाऊस कमी म्हणून तिचा जीव खरोखर बर्फावर आहे. 2019 च्या शेवटी जगभरच्या 78 पर्वतप्रदेशांची पाण्याच्या हिशेबाने तुलना करणारा एक मोठा अभ्यास आला, त्यात या डोंगरांमध्ये आणि त्यांच्या पाण्यावर खाली राहणारी माणसं मोजली ती 190 कोटींच्या घरात, आणि सगळ्यात जास्त भार असलेला आणि सगळ्यात धोक्यात असलेला म्हणून पहिला नंबर लागला सिंधूचाच.

आता मूळ प्रश्न. उगम नेमका कुठे? याचं सरळ उत्तर नाही, आणि हे काही मी टाळाटाळ म्हणून सांगत नाहीये. पहिली गोष्ट म्हणजे तो हलतो. पावसाळ्यात जमीन भरलेली असते तेव्हा ओहोळ अगदी डोंगरमाथ्याच्या जवळून सुरू होतो, आणि जसजसा उन्हाळा वाढतो तसतसं भूजल खाली जातं आणि वाहत्या पाण्याचं टोक एखाद-दोन किलोमीटरसुद्धा खाली सरकतं. म्हणजे एप्रिलचा उगम आणि ऑगस्टचा उगम वेगळा. हिमनदीचं तर तोंडच मागे जातं. गंगोत्री हिमनदी जवळपास 30 किलोमीटर लांब, तिचं तोंड म्हणजे गोमुख, ते 1935 ते 1996 या साठेक वर्षांत 1,100 मीटरच्या वर मागे सरकल्याचं मोजलंय. आजोबांनी बघितलेलं गोमुख आणि तुम्ही बघितलेलं गोमुख ही एक जागाच नाही.

दुसरी गोष्ट, वर जाताना प्रत्येक संगमाला कुणाला मुख्य नदी म्हणायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. एकजण म्हणतो जास्त लांब ती, दुसरा म्हणतो जास्त पाणी आणते ती, तिसरा म्हणतो लोक पिढ्यानपिढ्या जिला मानत आलेत ती. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात आणि तिथून पुढे गंगा हे नाव लागतं. पाणी अलकनंदेचं जास्त, पण मान भागीरथीचा. डॅन्यूबचं बघा, जर्मनीत ब्रेग आणि ब्रिगाख या दोन छोट्या नद्या डोनाउएशिंगेन गावाजवळ मिळून डॅन्यूब होते असं शाळेत शिकवतात, त्या गावात राजवाड्यापाशी एक झरा छान बांधूनही ठेवलाय, पण फुर्टवांगेन गाववाले म्हणतात की लांब फांदी ब्रेगची आणि ती आमच्या इथं 1,078 मीटर उंचीवर सुरू होते, तर खरा उगम आमचा. हे भांडण जुनं आहे आणि मिटेल असं वाटत नाही, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर आहेत.

अ‍ॅमेझॉनचंही तेच. 1971 साली लोरेन मॅकिन्टायर नावाचा फोटोग्राफर-पत्रकार पेरूमधल्या नेवादो मिस्मी या 5,597 मीटरच्या डोंगरावर पोचला आणि अ‍ॅमेझॉनचं सगळ्यात लांबचं टोक हेच असं सांगितलं, नंतरच्या मोहिमांनीही त्याला दुजोरा दिला. आणि मग 2014 मध्ये नवीन मोजणीवाले आले, म्हणाले मांतारो नदीची फांदी त्याहून लांब भरते. मिस्मीवरून पॅसिफिक महासागर दोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण तिथलं बर्फाचं पाणी तिकडे पाठ फिरवून सहा हजारांवर किलोमीटर चालत अटलांटिकला जातं. हे वाचलं तेव्हा मला लगेच आपली गोदावरी आठवली. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र 80 किलोमीटर, आणि बाई निघाली उलट्या दिशेला, 1,465 किलोमीटर, थेट बंगालच्या उपसागराला. त्याच डोंगरावरची वैतरणा मात्र पश्चिमेला उतरून अरबी समुद्र गाठते.

म्हणून मी आता लोकांना सांगतो, उगमाचं कुंड बघा, नमस्कार करा, फोटो काढा, पण तिथंच थांबू नका. त्याच्या वर डोंगराची धार असते ती बघा, कारण खरी गोष्ट तिथं आहे. धार म्हणजे जलविभाजक, आपलं ते आढं. कुंडाची जागा वादाची असू शकते, धारेबद्दल सहसा वाद नसतो, इकडे पडलेलं इकडे आणि तिकडे पडलेलं तिकडे. आणि काही ठिकाणी दोन नाही तर तीन उतार एकत्र येतात. स्वित्झर्लंडमध्ये लुंगिन नावाची 2,645 मीटरवरची खिंड आहे, तिथं एका बाजूचं पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला, दुसऱ्या बाजूचं इन आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला, तिसऱ्या बाजूचं पो नदीतून एड्रियाटिकला. अमेरिकेत माँटाना राज्यात ट्रिपल डिव्हाइड पीक म्हणून शिखर आहे, साधारण 2,440 मीटर, तिथून पॅसिफिक, मेक्सिकोचं आखात आणि हडसन उपसागर अशा तीन वाटा फुटतात. वायोमिंगमध्ये तर एक ओढाच धारेवर येऊन चक्क दोन भागांत फुटतो, एकाचं नाव अटलांटिक क्रीक आणि दुसऱ्याचं पॅसिफिक क्रीक, आणि पाण्यात काडी टाकली तर ती कुठल्या महासागराला निघेल हे समोरच्या दगडावर ठरतं.

एवढं सांगितल्यावर धार म्हणजे पक्की भिंत असं वाटेल, तर तसंही नाही. जमिनीखाली पाणी वेगळेच उद्योग करत असतं. डॅन्यूब उगमापासून थोडीशीच पुढे आली की इमेंडिंगेनजवळ चुनखडीच्या भेगांमध्ये शिरते आणि उन्हाळ्यात तर पात्र कोरडं ठक्क पडतं. हे पाणी जातं कुठे हे शोधायला 1877 मध्ये क्नोप नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने त्यात मीठ, तेल आणि हिरवा चमकणारा रंग ओतला. साधारण 60 तासांनी 12 किलोमीटरवरच्या आख झऱ्यातून खारट, वासाचं, हिरवंगार पाणी बाहेर आलं, आणि तो झरा जातो ऱ्हाइनला! म्हणजे वरच्या नकाशात डॅन्यूबचं असलेलं पाणी खालच्या खाली दुसऱ्या नदीने पळवलेलं.

आणि धार सरकतेसुद्धा. कृष्णा आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्याच, पण कृष्णेला समुद्र गाठायला साधारण 1,400 किलोमीटर आहेत, म्हणजे तिचा उतार निवांत, आणि सावित्रीला तीच उंची शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये उतरायची आहे. उतार जास्त म्हणजे वेग जास्त, वेग जास्त म्हणजे कातरणं जास्त, त्यामुळे पश्चिमेकडच्या नद्या डोंगर मागे मागे कोरत जातात आणि धार हळूहळू पूर्वेकडे ढकलली जाते. माणसाच्या आयुष्यात नाही दिसत हे, पण पश्चिमेला सरळसोट कडे आणि पूर्वेला लोळत गेलेल्या सोंडा (डोंगरातून निघालेल्या उतरत्या रांगा) का, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

हे सगळं नुसतं माहितीसाठी सांगत नाहीये, चालताना याचा रोज उपयोग होतो. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. वाट चुकलो तर ओढा धरून खाली जायचं, माणसं भेटतील, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. मैदानात ठीक आहे. नदी जिथं जन्मते त्या डोंगरावर हे करू नका. वरचे ओढे तरुण असतात, अजून त्यांनी आपली पायरी घासून सपाट केलेली नाही, त्यामुळे ते कड्यावरून उड्या मारत उतरतात. तुम्ही पहिला दहा फुटांचा टप्पा कसाबसा उतरता, दुसरा पंधराचा घसरत उतरता, आणि तिसरा निघतो दोनशे फुटांचा धबधबा, आता खाली जाता येत नाही आणि वरचे टप्पे परत चढता येत नाहीत. वाट चुकली तर शक्यतो आल्या वाटेने मागे जा, ते जमत नसेल तर धार किंवा सोंड गाठा, तिथून दिसतं तरी, आणि तेही जमत नसेल तर एका जागी थांबा.

ओढे ओलांडायचं गणितही पाणी कुठून येतंय यावरच ठरतं. बर्फाचं पाणी असेल तर त्याला दिवसाचं घड्याळ असतं, रात्री वर गोठतं म्हणून पहाटे ओढा सगळ्यात रोड, आणि दिवसभराच्या उन्हाचं पाणी वरून खाली पोचेपर्यंत दुपार उलटते म्हणून संध्याकाळी तो सगळ्यात दांडगा. सकाळी दगडावरून टुणकन उडी मारून गेलात तोच ओढा चार वाजता मांडीपर्यंत असू शकतो, म्हणून ज्यांना जाऊन-येऊन त्याच दिवशी परतायचंय त्यांनी हा हिशेब निघण्याआधी करावा, ओढ्याशी उभं राहून नाही. पावसाच्या ओढ्याला असं घड्याळ नसतं, त्याला फक्त वरचं आभाळ कळतं, आणि तुमच्या डोक्यावरचं आभाळ निळं असलं तरी वरच्या पाणलोटात काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. कातळ, तीव्र उतार, छोटा पाणलोट असं असेल तर पाऊस पडून पाणी खाली यायला काही मिनिटंसुद्धा पुरतात. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, किंवा उलट, वाहतं पाणी एकाएकी कमी झालं (वर कुठेतरी दरड किंवा झाडोरा अडकलाय, तो सुटणार) तर एक क्षणही विचार न करता बाजूला उंचावर चढा. आणि कोरड्या पात्रातली ती छान सपाट वाळू तंबूसाठी नाही, ती सपाट कुणी केली ते आठवा.

ओलांडावंच लागलं तर पात्र रुंद आणि उथळ असेल तिथून, धबधब्याच्या वरून तर कधीच नाही. बूट काढू नका, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी टेकवत एका वेळी एकच पाय. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघ्याएवढं तर पाणी आहे असं म्हणण्यात अर्थ नाही, गुडघाभर जोरात वाहणारं पाणी धडधाकट माणसाला सहज आडवं करतं. पाण्याखालून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर विषय संपला, थांबा. अंगाला दोर बांधून ओलांडायची हौस नको, पडल्यावर तोच दोर पाण्याखाली धरून ठेवतो. आणि बर्फाळ भागात ओढ्यावर बर्फाचा पूल दिसतो, सकाळी टणक असतो, दुपारी वरून तसाच दिसतो पण खालून पाण्याने खाल्लेला असतो. खालून खळखळ ऐकू आली तर समजा तुम्ही छपरावर उभे आहात.

उंचीबद्दल थोडं. 5,500 मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. कैलासाच्या परिक्रमेत डोलमा ला खिंड लागते ती 5,600 मीटरच्याही वर, तेव्हा अंदाज करा. 3,000 मीटरच्या वर गेलं की रोजच्या झोपायच्या जागेची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा, हा सर्वमान्य नियम आहे. दिवसा वर जाऊन झोपायला खाली आलात तर उत्तमच. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं हे दिसलं की अजून वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला थांबेना, किंवा माणूस सरळ रेषेत चालता चालता झोकांड्या द्यायला लागला, बरळायला लागला, तर रात्र असली तरी लगेच खाली न्यायचं, सकाळी बघू म्हणायचं नाही. फिट माणसांना उंचीचा त्रास होत नाही हा गैरसमज आहे, उलट फिट माणूस जोरात चढतो आणि म्हणूनच अडकतो. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, माझ्यासारख्याला नको.

पिण्याच्या पाण्यावरून माझी दर ट्रेकला कुणाशी तरी जुंपते. "अरे उगमाचं पाणी आहे, याच्यापेक्षा शुद्ध काय असणार?" खडकातून थेट बाहेर पडणारा झरा त्यातल्या त्यात बरा, मान्य. पण तिथून शंभर पावलं वाहत आला की तो ओढा, त्याच्या वर गुरं चरतात, जंगली जनावरं येतात, आणि माणसं काय काय करतात ते सांगायला नको. जिआर्डियासारखे जंतू थंडगार नितळ पाण्यात मजेत राहतात, डोळ्याला आणि जिभेला काही कळत नाही, कळतं ते घरी परतल्यावर. उकळा, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, 2,000 मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं कारण वर पाणी कमी तापमानालाच उकळतं. क्लोरीनच्या गोळ्या टाकत असाल तर थंड पाण्यात त्यांना जास्त वेळ द्या. हिमनदीचं पाणी दुधाळ दिसतं ते दगडाच्या पिठामुळे, ते फिल्टर चोंदवून टाकतं, म्हणून रात्रभर भांड्यात निवळू द्या आणि सकाळी वरचं घ्या.

आणि हे माणसं काय काय करतात त्याबद्दल. शौचाला पाण्यापासून किमान 60 मीटर लांब, म्हणजे मोजून ऐंशी-नव्वद पावलं, आणि 15-20 सेंटिमीटरचा खड्डा. साबणाचंही तेच, पाकिटावर पर्यावरणपूरक लिहिलेलं असलं तरी तो मातीत विरतो, ओढ्यात नाही. खाली मोठ्या नदीत घाण गेली तर निदान पातळ तरी होते, उगमाशी पाणीच तांब्याभर असतं, तिथं एका माणसाची घाणसुद्धा पुष्कळ होते. गोमुखाला जायला दिवसाला ठरावीक लोकांनाच परवानगी देतात त्यावरून लोक कुरकुरतात, मला तो नियम अगदी योग्य वाटतो.

आता शेवटचं, आणि हे मला स्वतःला फार आवडतं. पावसाळा संपून दोन-तीन महिने झालेत, आभाळ मोकळं आहे, हाताशी वेळ आहे आणि बरोबर वाट माहीत असलेलं कुणी आहे, तर पाटीच्या पुढे जा. ओढ्याला फाटा फुटेल तिथं थांबून बघायचं कुठल्या फांदीत पाणी जास्त, आणि तीच धरायची, कडा आला तर वळसा, पण फांदी सोडायची नाही. असं चार-पाच फाटे झाले की आवाज बंद होतो, मग नुसते ओले दगड, मग शेवाळ, आणि मग एक जागा येते जिथं काहीच वाहत नाही पण गवत आजूबाजूपेक्षा जरा जास्त हिरवं आहे आणि हात टेकवला तर तळवा ओला होतो. तिथं पाय देऊ नका, ती माती फार नाजूक असते, कडेने जा. तिथून वर धार सहसा लांब नसते, दहा-पंधरा मिनिटं, आणि धारेवर वारा एवढा असतो की टोपी धरावी लागते, तेव्हा डोकावून पलीकडच्या उतारावर बघा, असाच एक हिरवा ठिपका तिकडेही दिसतो का.